लाल त्रिकोणाची गोष्ट

लाल त्रिकोण माहीत नाही असा पन्नाशीच्या पुढचा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. टोक खाली, सपाट बाजू वर, आत एक अक्षर नाही. एस.टी.च्या मागच्या बाजूला, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, पंचायतीच्या कचेरीवर, कुठे कुठे तर विहिरीच्या कठड्यावरसुद्धा तो असायचा. शेजारी बहुधा चार चेहरे. आई, बाप, मुलगा, मुलगी. चौघेही हसरे.

पोस्टरची कला आणि समाजाचे प्रश्न असा विषय निघाला की जाणकार मंडळी रशियन क्रांतीची पोस्टर्स, नाहीतर महायुद्धात सैन्यभरतीसाठी केलेली पोस्टर्स यांच्याबद्दल बोलतात. ती चित्रं मोठी खरीच. पण माझ्या उभ्या आयुष्यात मी सर्वात जास्त वेळा पाहिलेलं पोस्टर हेच. एका सरकारी खात्यात जन्मलेलं, खाली कुणाही चित्रकाराची सही नसलेलं, आणि गावोगावच्या पेंटरांनी आपापल्या हाताने रंगवलेलं. त्याचं जे काही झालं, भलं आणि बुरं, ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या घरातली धाकटी मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांना आणीबाणी म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद. त्यांच्यासाठीही.

आधी थोडा मागचा इतिहास. संततिनियमनाची गोष्ट आपल्याकडे सरकारने सुरू केली असं नव्हे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. हे सगळं एकट्या माणसाने, पदरमोड करून, आणि लोकांच्या शिव्या खाऊन. १९५३ साली कर्वे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. एवढ्या मोठ्या देशाला ६५ लाख! पण असा कार्यक्रम सरकारी धोरण म्हणून जाहीर करणारा भारत हा पहिलाच देश मानला जातो, हेही तितकंच खरं.

१९५१ साली आपण ३६ कोटी होतो, १९६१ साली जवळजवळ ४४ कोटी झालो. सरकारची छाती दडपली. प्रचार सुरू होताच, पण तो कसा? शिकलेल्या माणसांनी शिकलेल्या माणसांसाठी लिहावा तसा. लांबलचक वाक्यं, देशाची प्रगती, मातेचं आरोग्य, अन्नधान्याचा प्रश्न, सगळं एकाच कागदावर. आणि देशात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात अठ्ठावीस. बायकांमध्ये तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे ज्या बाईला सातवं बाळंतपण होणार तिला त्या कागदाचा उपयोग एकच, चूल पेटवायला.

साठच्या दशकाच्या मध्यावर हे चित्र बदललं. १९६६ साली आरोग्य मंत्रालयात कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग झाला. तिथे प्रचाराचं काम बघणारे एक अधिकारी होते, डी. के. त्यागी. सगळे त्यांना दीप त्यागी म्हणत. त्यांच्याबरोबर फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर. या दोघांनी मिळून एक साधी गोष्ट ठरवली. देशभर एकच खूण, एकच वाक्य, एकच चित्र. खूण म्हणजे लाल त्रिकोण. वाक्य 'दो या तीन बस'. चित्र म्हणजे ते चार चेहरे. बाकीचं सगळं पाल्हाळ बंद.

आज जाहिरातीच्या क्षेत्रातल्या मुलांना यात विशेष वाटणार नाही. तेव्हा ते फार वेगळं होतं. त्रिकोणच का, तर कुठल्याही धर्माचं, जातीचं, पक्षाचं चिन्ह त्याच्याशी घट्ट जोडलेलं नव्हतं. गावातल्या अगदी कच्च्या पेंटरलाही तो काढता येई. पत्र्याचा साचा भिंतीला धरायचा, लाल रंगाचा बोळा फिरवायचा, झालं. पाऊस पडून चेहरे पुसट झाले तरी त्रिकोण ओळखू येई. चेहऱ्यांचं मात्र गावागणिक वेगळं व्हायचं. कुठे आई मराठी सिनेमातल्या नटीसारखी, कुठे बापाला हवालदाराच्या मिशा, कुठे मुलगा बापापेक्षा थोराड. मी १९७२ साली नोकरीवर रुजू झाले तेव्हा आमच्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ड्रॉइंगच्या सरांनी हेच चित्र काढलं होतं. त्यांनी मुलीच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी काढल्या होत्या. त्या वरून आलेल्या नमुन्यात नव्हत्या. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, लाल रंग उरला होता.

भिंतीवर, आगपेटीवर, बसवर, रेल्वे स्टेशनवर, जिथे जागा मिळेल तिथे. उत्तरेत तर 'लाल तिकोन' नावाचा हत्ती गावोगाव फिरवून प्रचार केला. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, तीन नगांचं पाकीट १५ पैशांना, आणि ते पोचवायचं काम चहा, साबण आणि सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांनी केलं, कारण ज्या खेड्यात डॉक्टर पोचत नव्हता तिथे चहाची पुडी केव्हाच पोचली होती. त्या पाकिटावरही तोच त्रिकोण. दीप त्यागी पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, ऐन चाळिशीत वारले. बरीच वर्षं उलटल्यावर एका अमेरिकन माणसाने, फिल हार्वेने, याच कामासाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढली तेव्हा तिला त्यांची आद्याक्षरं दिली, डीकेटी. आपल्याकडे मात्र ज्यांच्या डोक्यातून तो त्रिकोण देशभर गेला त्यांचं नाव कुणाला विचारून पाहा.

या पोस्टरने केलेली एक गोष्ट आकडेवारीत कधी येत नाही, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वात मोठी कामगिरी. त्याने बायकांना बोलण्यासाठी एक शब्द दिला. माझ्या आईच्या पिढीला 'आता पुरे' हे नवऱ्याला सांगायला भाषाच नव्हती. दिवस राहिले, दिवस भरले, मोकळी झाली, एवढेच शब्द. ते न व्हावं यासाठी काही करता येतं, हे बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. भिंतीवर त्रिकोण आला आणि बायका त्याच्याच आडून बोलायला लागल्या. आमच्या भागात नर्सबाईंना 'तिकोनवाली बाई' म्हणत. एखादी हळूच म्हणायची, 'बाई, त्या तिकोनाचं जरा विचारायचं होतं.' चित्रात लाजण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते चारचौघांत उभं राहू शकलं. कर्व्यांनी जे उघड शब्दांत लिहिलं आणि त्याची किंमत मोजली, ते या खुणेने एकही शब्द न उच्चारता केलं. (कर्व्यांचं मोल त्याने कमी होत नाही. आधी कुणीतरी उघड बोलल्याशिवाय पुढे खुणेवर भागत नाही.)

आता दुसरी बाजू. त्याच काळात दोन भागांचं एक पोस्टर फार असायचं. डावीकडे मोठं कुटुंब, गळकं घर, खंगलेली बाई, सहा-सात उघडीवाघडी पोरं. उजवीकडे लहान कुटुंब, कौलारू घर, पुस्तक वाचणारी दोन मुलं, कोपऱ्यात रेडिओ. 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब'. शाळेत येणाऱ्या एका मुलीच्या आजीने ते निरखून पाहिलं आणि मला म्हणाली, 'बाई, ह्या बिचारीला दोनच? आणि त्यातलं एक गेलं मंजे?'

तिचं काय चुकलं? १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. ती आजी स्वतः आठ वेळा बाळंत झाली होती आणि तिची तीन मुलं हयात होती. तिच्या हिशेबात सात म्हणजे चैन नव्हे. सातातली तीन-चार जगतील, त्यातला एक म्हातारपणी भाकरी घालील, असा तो हिशेब. पोस्टर तिला सांगत होतं की तू गरीब आहेस कारण तुला मुलं फार आहेत. तिला उलट ठाऊक होतं, की मी गरीब आहे म्हणून मला मुलं जास्त लागतात. रेडिओवालं कुटुंब तिला सुखी वाटलंच नाही, सुनंसुनं वाटलं. आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं तो त्रिकोण बघत बसली होती, त्यांना भिंतीवरच्या कौलारू घराचं काय वाटलं असेल ते मी काय सांगू! समस्या सोपी करून दाखवणं हे पोस्टरचं कामच आहे, त्याशिवाय ते पोस्टर होणार नाही. पण सोपी करताना दोष कुणाच्या पदरात टाकला हे पाहायला हवं. इथे तो सरळ सरळ त्या बाईच्या पदरात टाकला होता.

तरीसुद्धा, हे सगळं धरूनही, ते पोस्टर हात जोडून उभं होतं. बघा, पटलं तर या. आजीला पटलं नाही, ती पुढे गेली. तिच्या सुनेला पटलं, ती नर्सबाईंकडे गेली. दोघींनाही कुणी अडवलं नाही.

शिबिरं तेव्हाही होत. मुंबईत साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्टेशनांवर पुरुषांच्या शस्त्रक्रियेची केंद्रं उघडली होती. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ मध्ये एका महिन्यात ६३ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. पैसे, धान्य, कापड असं काही ना काही देत. भुकेल्या माणसाला पैसे दाखवून विचारलेला प्रश्न कितपत मोकळा असतो, अशी शंका तेव्हाही घेतली गेली होती आणि ती रास्तच होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुष मोठ्या संख्येने होते. बापाचा चेहरा पोस्टरवर होता आणि शिबिरातही होता.

मग २५ जून १९७५. आणीबाणी.

वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला आणि भिंती मात्र बोलक्या झाल्या. 'कडी मेहनत, दूर दृष्टी, पक्का इरादा, अनुशासन', 'बातें कम, काम ज्यादा', वीस कलमी कार्यक्रम. जिकडे तिकडे हेच. वर्तमानपत्रात जेवढं कमी, तेवढं भिंतीवर जास्त. लाल त्रिकोणही याच गर्दीत उभा राहिला. चित्र तेच, रंग तोच, चौघांचं हसू तेच. पण आता त्याच्यामागे तहसीलदार होता, पोलीस होता आणि टार्गेट होतं.

१६ एप्रिल १९७६ ला केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. सक्तीचा कायदा केंद्राने केला नाही, राज्यांना करायचा तर त्यांनी करावा अशी वाट मोकळी ठेवली. आणि ती वाट सर्वात आधी धरली ती आपल्या महाराष्ट्राने! फुले-आगरकर-कर्व्यांच्या महाराष्ट्राने. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी, न केल्यास तुरुंगवास, असं विधेयक विधिमंडळाने १९७६ साली संमत केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा अमलात आला नाही, एवढंच. अत्याचारांची चर्चा निघाली की आपण हरयाणा, उत्तर प्रदेश, दिल्ली म्हणतो आणि आपल्या राज्याबद्दल गप्प बसतो. बार्शीत लोकांना पकडून शस्त्रक्रियेला नेल्याचं प्रकरण जानेवारी १९७६ चं आहे, म्हणजे धोरण जाहीर होण्याच्याही आधीचं.

आम्हा शिक्षकांना 'केसेस' आणायच्या होत्या. माझ्या नावावर दोन. शाळेचं नाव आणि वरच्या कचेरीचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही, आणि कमीअधिक प्रमाणात हे कितीतरी ठिकाणी होत होतं. केस आणली नाही तर पगारवाढ थांबेल, बदली होईल, असं तोंडी सांगितलं जायचं. (लेखी काहीच नाही. अशा गोष्टी कधीच लेखी नसतात.) संध्याकाळी शाळा सुटली की मास्तर मंडळी पिशवी घेऊन वस्त्यांवर निघायची. ज्यांच्या ओसरीवर चहा पिऊन आम्ही 'मुलीला शाळेतून काढू नका हो' म्हणून विनवण्या केलेल्या, त्याच ओसरीवर आता आम्ही पोचायच्या आत घरातला पुरुष मागच्या दाराने उसात. पोर दारात येऊन पाठ केल्यासारखं म्हणायचं, 'आबा घरात न्हाईत.' वर्गात माझ्यासमोर बसणारं पोर! माझ्या दोनांतली एक बाई स्वतःहून आली, चौथ्या बाळंतपणानंतर तिलाच नको होतं. दुसरी केस मी दिली नाही. फेब्रुवारीचा पगार मार्चअखेर हातात पडला. माझ्यापुरतं ते तेवढ्यावर भागलं, कारण घरी आणखी एक पगार होता. आमच्याच एका सहकाऱ्यांना तो आधार नव्हता. त्यांनी साठीला टेकलेल्या, बायको वारलेल्या एका शेतमजुराला नेलं. आकड्यात तोही एक.

आकडे सांगते. शाह आयोगाच्या अहवालात ते आले आहेत. १९७५-७६ साली देशात २६ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९७६-७७ चं टार्गेट साडेबेचाळीस लाख होतं, झाल्या ८१ लाखांवर. टार्गेटच्या जवळजवळ दुप्पट! सरकारी कामात टार्गेटच्या दुप्पट काम झालेलं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाल्याच्या १,७७४ तक्रारी आयोगापुढे आल्या. अविवाहितांवर शस्त्रक्रिया केल्याच्या ५४८.

त्या वर्षी पोस्टरचं काय झालं? आमच्या भिंतीवरच्या चित्रावर कुणीतरी रात्रीतून शेण फासलं. सरांनी धुऊन काढलं. पुन्हा फासलं. तिसऱ्यांदा सरांनी धुतलं नाही. चार-पाच वर्षं ते चित्र तिथे होतं, पोरं त्याच्याखाली गोट्या खेळायची, रिबिनींवरून मुलींची भांडणं व्हायची, कधी कुणी बोट लावलं नव्हतं. त्रिकोण रंगवलेली जीप दिसली की वस्तीतली माणसं रानात पळत. ज्या खुणेने बायकांच्या तोंडी शब्द दिला होता तीच आता घराला कडी लावायची खूण झाली. चित्रात एक रेघही बदलली नव्हती, हे मला राहून राहून विलक्षण वाटतं. आपण चित्राचं बळ चित्रात शोधतो, रंगसंगती, मांडणी वगैरे. पोस्टरचं बळ एवढंच असतं की त्याच्याकडे पाठ करून पुढे जाता येतं. पुढे जाणाऱ्याला मागून कुणी धरणार असेल तर ते पोस्टर राहत नाही, ती दवंडी होते.

१९७७ च्या जानेवारीत निवडणूक जाहीर झाली आणि भिंतींचे मालक बदलले. उत्तरेत 'नसबंदी के तीन दलाल, इंदिरा, संजय, बन्सीलाल' ही घोषणा गाजली. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २० मिळाल्या. एकट्या नसबंदीने सरकार पडलं असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण खेड्यातल्या माणसाला मिसा, सेन्सॉर, घटनादुरुस्ती यातलं जे कळत नव्हतं ते सगळं त्याला त्या एका जीपने शिकवलं.

नव्या सरकारने खात्याचं नाव बदललं. कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं. त्रिकोण मात्र ठेवला. १९७७-७८ साली शस्त्रक्रियांचा आकडा ८१ लाखांवरून साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळला. पुढे तो हळूहळू वर चढला, पण एक माणूस त्यातून कायमचा निघून गेला. बाप. पुरुषांना हात लावायचा नाही हा धडा सगळ्याच पक्षांच्या सरकारांनी पक्का लक्षात ठेवला आणि शिबिरांच्या रांगेत बायका उभ्या राहिल्या. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचं दिसतं. नवऱ्याची शस्त्रक्रिया झाल्याचं सांगणाऱ्या ०.३ टक्के. आणि पुरुषांची शस्त्रक्रिया बायकांच्या मानाने सोपी! आणीबाणीत सक्ती झाली ती मुख्यतः पुरुषांवर, पण तिची किंमत पुढची पन्नास वर्षं बायकांनी भरली, असं मी म्हटलं तर घरातले पुरुष रागावतील. रागावू देत.

'दो या तीन' जाऊन 'हम दो हमारे दो' आलं. इथे मला त्या चार चेहऱ्यांकडे पुन्हा यायचं आहे. एक मुलगा, एक मुलगी. दिसायला किती समतोल! पण घराघरात त्याचा अर्थ कसा लावला गेला? दोनच हवीत, बरं. पण त्यातला एक मुलगा असायला हवा, चित्रातही आहेच की. दोन्ही मुलीच असलेलं हसरं कुटुंब भिंतीवर यायला फार वर्षं जावी लागली. पोस्टरने सांगितलेला आकडा लोकांनी घेतला, आणि न सांगितलेली गोष्टही मनातल्या मनात घेतली. पूर्वी मुलाची वाट बघत पाच मुली जन्माला येत. आता वाट बघायला जागाच उरली नाही.

सोनोग्राफीआधी गर्भजल परीक्षा आली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलमध्ये आणि भिंतींवर जाहिराती लागत, आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा अर्थाच्या. पोस्टरच तेही! दोन ओळींत, हिशेबाच्या भाषेत. आणि खरं सांगते, लहान कुटुंबाच्या सरकारी पोस्टरपेक्षा हे लोकांना फार लवकर समजलं, कारण यात त्यांच्या मनातलंच लिहिलं होतं. याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री-संघटना उभ्या राहिल्या. त्यांचीही पोस्टर्स होती, साधी, हाताने छापलेली, मोर्चात काठीला लावलेली. सरकारी चित्रातली बाई नेहमी कुणाची तरी आई, मांडीवर मूल घेतलेली, हसरी आणि मुकी. या पोस्टरांतली बाई पहिल्यांदा समोर बघून बोलली. (देशभरातल्या अशा पोस्टर्सचा संग्रह दिल्लीच्या झुबान प्रकाशनाने २००६ मध्ये केला. जिज्ञासूंनी जरूर पाहावा.) ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ चं, तेही याच वातावरणातलं. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर कायदा केला. देशात असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. सक्तीच्या विधेयकातही पहिलं, आणि याही कायद्यात पहिलं. केंद्राचा कायदा १९९४ चा.

तरी आकडा घसरतच गेला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७. लेक वाचवा म्हणणारी पोस्टर्स त्यानंतर सगळीकडे आली, २०१५ पासून 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'. ज्या दवाखान्यात हे पोस्टर दर्शनी भागी लावायचा नियम, त्यातल्याच काहींच्या आतल्या खोलीत काय चालत होतं ते पोलिसांनी वेळोवेळी उघड केलंच आहे.

गंमत अशी की ज्या मूळ कामासाठी त्रिकोण जन्मला ते आता झालं आहे. त्याच पाहणीप्रमाणे देशात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुलं, महाराष्ट्रात तर १.७. साठच्या दशकात ही सरासरी सहाच्या घरात होती. हे पोस्टरमुळे झालं का? थोडं झालं असेल. मुली शिकल्या, बाळं जगायला लागली, लग्नाचं वय वाढलं, त्या आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, म्हणून जास्त झालं. मी छत्तीस वर्षं मुलींना शिकवलं, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार, ते तसंच राहू दे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर आंध्र आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे मुलं जास्त होऊ द्या म्हटलं. लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या त्याही १९७६ सालीच, आणि ती मुदत २०२६ पर्यंत वाढवलेली. ज्या राज्यांनी भिंतीवरचं नीट ऐकलं त्यांनाच आता आपल्या जागा कमी होतील अशी धास्ती. 'हम दो हमारे दो' रंगवलेल्या भिंतीवर उद्या काय रंगवायला सांगतील कोण जाणे.

आमच्या गावच्या उपकेंद्राची मध्यंतरी रंगरंगोटी झाली. त्रिकोण आहे अजून, जुन्या जागीच, नव्या ऑइलपेंटमध्ये. शेजारी दप्तर घेतलेली मुलगी, त्याच्या पुढे लोहाच्या गोळ्यांचं चित्र, त्याच्या पुढे बाळाला लस देणारी नर्स आणि आई. सगळी भिंत भरली आहे. पेंटर अगदी तरुण मुलगा, हात चांगला आहे त्याचा. बापाचा चेहरा कुठेच नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, 'यादीत नव्हता, बाई.'